करस्थळी आलेला प्राण



महात्मा बसवण्णांच्या ज्या वचनात देहालाच देवालय म्हटले आहे, ते आपल्या घराघरांतील मुलांनाही पाठ आहे. म्हणून ते येथे पुन्हा देत नाही. आजवर त्याचे निरूपण करताना आमच्या डोळ्यांपुढे नेहमी धडधाकट माणसाचा देह असे. स्वतःच्या पायांवर उभा राहणारा, हातावर इष्टलिंग घेऊन पूजा करणारा, कष्ट करून दासोह करणारा असा तो देह. पण ज्या देवालयाचे बांधकामच पुरे झालेले नाही, त्यात देव आहे की नाही? हा प्रश्न ग्रंथ वाचताना आम्हाला कधी पडला नाही. तो एका तरुण पित्याने, रात्री साडेनऊला मठाच्या पायरीवर बसून, आम्हाला विचारला.

हा मुलगा सीमाभागातील एका खेड्याचा. घरात नित्य लिंगपूजा, श्रावणात मन्मथस्वामींच्या 'परमरहस्या'चे पारायण. त्याची पत्नी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. एकोणतीस आठवड्यांची मुलगी, वजन एक किलो शंभर ग्रॅम. जन्मताच तिला रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात नेले होते. चार दिवस हा मुलगा त्या कक्षाच्या दाराबाहेर बाकावर झोपत होता.

तो म्हणाला, "अप्पाजी, आठव्यात गर्भलिंगधारणा करायची ठरली होती. त्याच्या आधीच पोर आली. आता आत लिंग बांधू देत नाहीत. दोरा नको म्हणतात, कापड नको म्हणतात. आज्जी म्हणते, लिंगाशिवाय पोरीला काय झालं तर तिला गती नाही. मी काय करू, सांगा."

सद्भक्तहो, त्या रात्री आमच्या हातून जे झाले ते आधी सांगितले पाहिजे. आम्ही त्याला धीर दिला, मंत्र म्हटला. विभूतीची पुडी आणि लहान बाटलीत पादोदक दिले, आणि सांगितले, "लिंग नाही तर नाही. पोरीच्या कपाळाला विभूती लाव, जिभेवर पादोदकाचा एक थेंब सोड. शिव सांभाळील." तो पाया पडून गेला. आपण योग्य तेच केले, असे आम्हाला वाटले.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा दूरध्वनी आला. आज्जी पुडी आणि बाटली पदराखाली लपवून आत गेली होती. तेथील सिस्टरने तिचा हात धरला. आज्जीने गोंधळ घातला, देवाधर्माचा अपमान केला म्हणून ती रडली. रागावलेली सून आज्जीशी बोलेना. आणि तो मुलगा आम्हालाच विचारत होता, "अप्पाजी, तुम्ही येऊन डॉक्टरांना सांगता का?"

आम्ही गेलो. खरे सांगायचे तर मनात थोडा अहंकार होता. मठाच्या स्वामींचा शब्द कोण मोडील, असे वाटत होते. दाराशी एक सिस्टर उभी होती, वयाने आमच्या शिष्येएवढी. ती नमस्कार करून म्हणाली, "स्वामीजी, आत यायचं तर शाल इथं ठेवा. रुद्राक्षमाळ, अंगठी काढा. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. बाळाला हात लावायचा नाही."

वयाच्या बाराव्या वर्षापासून ती माळ आमच्या गळ्यात आहे. क्षणभर आम्ही थांबलो. मग माळ काढून त्या मुलाच्या हाती दिली आणि हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटे, कोपर असे सगळे तिने आमच्याकडून नीट धुऊन घेतले. पूजेपूर्वी आम्ही रोज हात धुतो, पण इतक्या मनापासून कधी धुतले होते हे आठवेना.

आत काचपेटीत ती मुलगी होती. लांबीला वीतभरापेक्षा थोडी मोठी. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत. काविळीसाठी निळा उजेड लावला होता, म्हणून डोळ्यांवर पट्टी. नाकाशी दाबाने हवा देणारी नळी, तोंडातून पोटात गेलेली दुधाची नळी, पावलाला प्राणवायू मोजणारी तांबडी दिव्याची पट्टी. डॉक्टरांनी सांगितले की वेळेआधी आलेल्या बाळाच्या फुप्फुसांतील हवेच्या पिशव्या मिटू नयेत म्हणून जो पातळ, साबणासारखा थर लागतो, तो अजून पुरेसा तयार झालेला नसतो. श्वास चालू ठेवणारे मेंदूतील केंद्रही कच्चे असते. त्यामुळे असे बाळ मध्येच श्वास घ्यायचे विसरते.

आम्ही उभे असतानाच तसे झाले. यंत्राची घंटा वाजली. पडद्यावरचा आकडा उतरू लागला, छातीची हालचाल थांबली. सिस्टर धावली नाही की ओरडली नाही. तिने काचेच्या गोल खिडकीतून हात घातला आणि बाळाच्या तळपायाला बोटाने हलकेच चोळले. एकदा, दोनदा. छाती पुन्हा हलली आणि आकडा चढू लागला. "दिवसातनं आठ-दहा वेळा करते असं," ती म्हणाली, आणि वहीत वेळ लिहून ठेवली.

तेथे आम्हाला आमच्या शास्त्राची आठवण झाली. आपण इष्टलिंग, प्राणलिंग आणि भावलिंग असे तीन सांगतो. इष्टलिंग डोळ्यांना दिसते, करस्थळावर विराजते. प्राणलिंग प्राणातच असते. षट्स्थळातील चौथ्या, प्राणलिंगी स्थळावर आम्ही कितीतरी प्रवचने केली असतील. पण प्राण थांबतो आणि पुन्हा चालू लागतो, त्या मधल्या वीस क्षणांत प्राणलिंगाचे दर्शन होते हे आम्हाला कोणत्याही टीकेत सापडले नव्हते. ते त्या सिस्टरच्या बोटाने दाखवले. ज्या बालिकेला लिंग नाही म्हणून आज्जी रडत होती, तिचा एकेक श्वास लिंगच होता, आणि ती सिस्टर दिवसातून आठ-दहा वेळा त्याची पूजा करीत होती.

सद्भक्तहो, इथून पुढे नीट लक्ष द्या. आज आपल्या समाजात अशी बाळे पुष्कळ येतात. २०२० साली जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे सदतीस आठवडे पुरे होण्याआधी जन्मली. त्यांतील ३० लाखांच्या घरात बाळे आपल्या भारतातील होती. म्हणजे हा प्रसंग उद्या तुमच्या किंवा तुमच्या शेजाऱ्याच्या दारी येऊ शकतो. तेव्हा धर्म म्हणून काय करायचे, हे आधीच समजून घेतले पाहिजे.

पहिली गोष्ट विभूतीची आणि पादोदकाची. अष्टावरणात दोन्ही आहेत आणि दोन्ही आपल्याला प्राणाहून प्रिय आहेत. पण आवरण म्हणजे कवच, रक्षणासाठी असते ते. ज्या बाळाची कातडी अजून पुरी झालेली नाही, त्याला राखेच्या कणांतून, न उकळलेल्या पाण्यातून, आपल्या हातांवरून जंतूंचा संसर्ग होऊ शकतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो. नाळेला राख लावणे तर नकोच नको. जे कवच बाळाला इजा करील ते त्या वेळी कवच राहत नाही. आम्ही दिलेली पुडी आणि बाटली आज्जीने परत आणून दिली तेव्हा आम्ही सर्वांसमक्ष सांगितले, "आज्जी, चूक तुमची नाही, आमची आहे. सिस्टरबाईंनी तुमचा हात धरला, तेव्हा गुरूचे काम त्यांनी केले." विभूती आईने लावावी, बापाने लावावी, आज्जीने लावावी. बाळासाठी लावायची असेल तर घरी पूजेच्या जागी लावून मंत्र म्हणावा. बाळाला ती पोहोचते.

दुसरी गोष्ट लिंगधारणेची. तिची घाई करू नये. तान्ह्या बाळाला लिंग बांधण्याची रीत आहे ती बांधणाऱ्यांच्या श्रद्धेसाठी आणि बाळ शरणांच्या कुळातले आहे हे जगाला कळावे म्हणून आहे. दोऱ्याने शिव आत येतो आणि दोरा नसला तर शिव बाहेर राहतो असे कोणत्याही शरणाने म्हटलेले नाही. जो सर्व चराचर व्यापून आहे तो काचेच्या पेटीबाहेर ताटकळत उभा राहील काय? बाळ घरी आले, वजन वाढले, डॉक्टरांनी संमती दिली की मग मंगल वेळी गुरूच्या हातून लिंगधारणा करावी. मंगल वेळ म्हणजे बाळ सुखरूप असेल ती वेळ. शरणांनी मुहूर्ताचे बंधन मानले नाही, हे आपण जाणताच.

तिसरी गोष्ट बाळंतिणीची. ही सांगताना आम्हाला दुःख होते. आपण पंचसूतके मानीत नाही. जननसूतक नाही, रजस्वलेचा विटाळ नाही. कल्याणच्या शरणांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी ही बेडी तोडली. तरी शेजारपाजारचे पाहून आपल्या घरांतूनही बाळंतिणीला सव्वा महिना बाहेर पडू देत नाहीत. त्या मुलीला तिसऱ्या दिवशी माहेरी नेण्याचे ठरत होते. मूल काचपेटीत आणि आई पंचवीस मैलांवर अंधाऱ्या खोलीत! बाळाला तिच्या दुधाची गरज होती. पहिल्या दिवसांत येणारे पिवळसर चीकदूध पुष्कळ घरांत अजून पिळून टाकून देतात, पण तेच अशा बाळाचे पहिले औषध आहे. सुरुवातीला एकेक, दोन-दोन मिलिलिटर नळीने देतात. त्यासाठी आईला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध काढून द्यावे लागते. आई जवळ नसेल तर हे कसे व्हावे? म्हणून आम्ही त्या घराला सांगितले, "बाळंतिणीला विश्रांती द्या, गरम जेवण द्या, अंग शेकायला द्या. पण हे सारे रुग्णालयाजवळ खोली घेऊन द्या."

आणखी एक गोष्ट कानावर आली. सासरच्या एका नातलग बाईने सुनेच्या पायगुणाची चर्चा केली होती. दिवस भरण्याआधी बाळंत झाली, काहीतरी उचलले असेल, ग्रहणात बाहेर गेली असेल, मागल्या जन्मीचे असेल, असे काहीबाही. सद्भक्तहो, वेळेआधी प्रसूती होण्याची कारणे वैद्यकाला ठाऊक आहेत. रक्तदाब, संसर्ग, जुळी, दोन बाळंतपणांत कमी अंतर अशी ती आहेत. पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. त्यांत पायगुण नाही आणि ग्रहणही नाही. ज्या आईच्या छातीतून दर तीन तासांनी थेंब थेंब दूध निघते आहे, तिच्या कानात असे शब्द घालणे ही शिवनिंदाच होय. तेथे मौन राखणे हाही सदाचार आहे.

चौथी गोष्ट आम्हाला सर्वांत गोड वाटली, आणि तीत एक अडचणही होती. आठ-दहा दिवसांनी बाळाचे श्वास थोडे स्थिरावले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला आईच्या उघड्या छातीवर ठेवायला सांगितले. अंगात लंगोट, डोक्याला टोपी, वरून कापड गुंडाळलेले. कांगारूसारखे. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ साली, काचपेट्या पुरत नव्हत्या म्हणून, डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. पुढे कळून आले की ही नुसती काटकसर नव्हे. आईच्या छातीची ऊब, तिच्या हृदयाचे ठोके यांनी बाळाचे श्वास सुधारतात, वजन वाढते, संसर्ग कमी होतो. भारतासह पाच देशांत झालेला एक मोठा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एक किलोपासून एक किलो आठशे ग्रॅमपर्यंतच्या बाळांना स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर असे छातीशी घेतले, तर पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने कमी होतात, असे त्यात दिसले. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तशीच शिफारस केली आहे.

आई थकली की बापाची छातीही चालते. आपल्या मुलाची अडचण तेथे आली. गळ्यात, छातीवर इष्टलिंग. सिस्टर म्हणाली, "गळ्यात काही नको, बाळाला टोचेल." तो दोन दिवस टाळत राहिला, शेवटी आमच्याकडे आला. अंगावरून लिंग उतरवणे म्हणजे आपल्याला प्राण उतरवण्यासारखे. आम्ही म्हणालो, "बाबा, लिंग उतरवू नकोस, जागा बदल. छातीवरच बांधावे असे बंधन नाही. मस्तकावर, दंडावरही धारण करण्याची आपली परंपरा आहे, फक्त नाभीच्या खाली नसावे. स्वच्छ धुतलेल्या नव्या कापडात गुंडाळून दंडाला घट्ट बांध, सिस्टरला दाखव, आणि पोरीला छातीशी घे." सिस्टरने होकार दिला. ज्या जागी त्याचे इष्टलिंग दहा वर्षे होते त्या जागी तासभर त्याची मुलगी निजली. तो बाहेर येऊन म्हणाला, "अप्पाजी, लिंग हातावर घेतल्यावर मन जसं एका जागी बसतं, तसं झालं." त्यावर आम्ही काय निरूपण करावे?

सिस्टरने त्यांना आणखी एक शिकवले होते. एवढ्या लहान बाळाला कुरवाळायचे नाही, थोपटायचे नाही. त्याला ते सोसत नाही. एक तळहात डोक्यावर, एक तळव्यांशी, आणि हात अगदी स्थिर ठेवायचा. करस्थळावर लिंग घेतल्यावर आपण हाच अभ्यास करतो. हात हलवायचा नाही आणि दृष्टी ढळू द्यायची नाही.

शेजारच्या पेटीत एक मुलगा होता, याहून लहान. तो एकविसाव्या दिवशी गेला. त्याचे आईबाप आपल्या समाजाचे नव्हते, पण आमची भगवी वस्त्रे पाहून ती आई आमच्यापुढे येऊन बसली आणि म्हणाली, "महाराज, माझ्या बाळाचं काय चुकलं?" आम्ही संस्कृत शिकलो, आगम वाचले, वचने पाठ केली. त्या क्षणी त्यांतले काही ओठांवर येईना. देवाला आवडला म्हणून नेला, हे वाक्य आम्ही आयुष्यात कितीतरी घरी बोललो आहोत. त्या दिवशी ते बोलवले नाही. आम्ही तिच्याजवळ जमिनीवर बसलो. एवढेच म्हणालो, "त्याचं काही चुकलं नाही, बाई. तुमचंही नाही." ती पुष्कळ वेळ रडली. आम्ही बसून राहिलो.

आपल्यापैकी ज्यांची अशी बाळे गेली त्यांना आमचे सांगणे आहे. लिंगधारणा राहिली, नाव ठेवायचे राहिले, म्हणून गती चुकली असे मनात आणू नका. त्या बाळाला नाव ठेवा. आपल्या रीतीने भूमीच्या कुशीत निजवा. आपण ज्याला लिंगैक्य म्हणतो, ते ज्याने एक दिवस जरी श्वास घेतला त्यालाही आहे. आणि शोक करा. डोळ्यांतले पाणी हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे.

आता कायक आणि दासोह यांविषयी. शरणांत वैद्य संगण्णा होते. त्यांचे वैद्यक हेच कायक होते. रात्रीच्या तीन वाजता परक्याच्या बाळाचा तळपाय चोळणारी सिस्टर त्याच वाटेवर आहे, मग तिची जात, धर्म कोणताही असो. तिच्याशी चढ्या आवाजात बोलू नका. दासोहाचे म्हणाल, तर अन्नाचा दासोह आपण जाणतो. दुधाचाही असतो. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातील पहिली. ज्या मातेला स्वतःच्या बाळाला पुरून दूध उरते, ती तेथे देते. ते तपासून, तापवून, निर्जंतुक करून दुसऱ्याच्या बाळाला जाते. आता अशा पेढ्या अनेक शहरांत आहेत. आपल्या सुनालेकींनी हा दासोह जरूर करावा.

घरातल्या मोठ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. बाळाला पाहायला गर्दी करू नका. आईबापांना डबा पोहोचवा, मोठ्या मुलांना सांभाळा. आईच्या खोलीचे भाडे कोण देणार याची चौकशी करा. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळावर विनामूल्य उपचार मिळावेत म्हणून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ सालापासून आहे. तो मागून घ्या, त्यात लाज नाही. आणि घरी जाण्याच्या आनंदात डोळ्यांची तपासणी विसरू नका. वेळेआधी आलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यातील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टी जाऊ शकते. जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, अगदीच लहान बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांनीच, तपासणी व्हावी लागते. वेळेत कळले तर उपचार आहेत. कानांचीही तपासणी करून घ्या.

आपली मुलगी पन्नासाव्या दिवशी घरी आली. वजन एक किलो नऊशे. तिसऱ्या महिन्यात तिला मठात आणले. आज्जीने स्वतः साबण लावून आमचे हात कोपरापर्यंत धुवायला लावले, बोटांच्या बेचक्यांसकट! मग लिंगधारणा झाली. लिंग बांधताना आमचे बोट तिच्या मुठीत सापडले, ते तिने सोडले नाही. तोवर तिचा श्वास आम्ही मोजीत राहिलो. एकही चुकला नाही.

देह हे देवालय खरेच. पण देवालय पुरे होण्याची वाट पाहत देव थांबत नाही. पाया घातला जातो तेव्हाच तो आत असतो, आणि बांधकाम पुरे करण्याचे काम आपल्या हाती देतो. ते हात आधी स्वच्छ धुवावेत. त्यानंतरच पूजेला बसावे.

सर्वांचे कल्याण असो. शरणु शरणार्थी.